नंबरसुद्धा येऊ द्या

ग्वातेमालातल्या अतित्लान तळ्याकाठच्या सान हुआन ला लागुना गावात धक्क्याला बोट लागली की समोर सरळ चढ सुरू होतो. दोन्ही अंगांना दुकानं, आणि दुकानांच्या मधे, वर, वळणावर, जिथे म्हणून सपाट भिंत मिळाली तिथे चित्रं. त्या सकाळी आमच्याच बोटीतून उतरलेली एक प्रवासी बाई अशाच एका भिंतीसमोर थांबली होती. भिंतीवर माणसाच्या दुप्पट उंचीची एक म्हातारी विणकरीण. गुडघ्यांवर बसलेली, मागाचा पट्टा कमरेमागून घेतलेला, मागाचं दुसरं टोक झाडाला बांधलेलं. तिच्या हातातल्या सुताचा निळा रंग पुढे वाहत जाऊन मागच्या तळ्याचं पाणी झालेला. आणि तिच्या गुडघ्यांखाली, ठसठशीत पिवळ्या अक्षरांत, विणकर बायकांच्या सहकारी संस्थेचं नाव, 'नैसर्गिक रंग' हे दोन शब्द आणि आठ आकडी फोन नंबर. प्रवासी बाई फोन उंच धरून मागेपुढे होत होती. नंबर फोटोत येत होता आणि तो तिला नको होता. शेवटी ती समोरच्या पायऱ्यांवर चढली, फोन तिरका केला आणि म्हातारी कमरेपासून वर तेवढी चौकटीत बसवली. तेवढ्यात दुकानाच्या दारातून एक बाई बाहेर आली. हातात ओल्या सुताची लड, बोटं मनगटापर्यंत करड्या निळ्या रंगात भिजलेली. "सेन्यो," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली, तिकडे कुठल्याही बाईला आदराने हाक मारतात तशी, "नंबरसुद्धा येऊ द्या. तो आमचाच आहे."

प्रवासी बाईला स्पॅनिश कळलं नसावं. ती हसली, मान हलवली आणि चढ चढून पुढे गेली.

मी मात्र तिथून हलू शकले नाही. त्या विणकर बाईच्या बोलण्यात तक्रार नव्हती, दुकानदाराची घाईही नव्हती. घरी आलेल्या पाहुण्याने मुलांचा फोटो काढताना धाकट्याला वगळलं तर आई ज्या सुरात 'त्यालापण घ्या ना' म्हणेल, तसा तो सूर होता. नंबर हा चित्राचा खालचा, चिकटवलेला, सोसून घ्यायचा भाग आहे असं तिच्या मनातही नव्हतं. म्हातारी, सूत, तळं आणि नंबर हे सगळं मिळून ती भिंत होती. चित्र म्हणजे कला आणि नंबर म्हणजे जाहिरात, ही फोड बघणाऱ्याने केलेली. आणि ती फोड केल्यावर फोटोत उरली ती एक सुंदर, निनावी म्हातारी, जिच्यापर्यंत पोचायला आता कसलाच रस्ता नाही.

स्पॅनिश शिकायला मी काही काळ केत्साल्तेनांगोत एका घरी राहिले होते. त्या शहराला सगळे शेला म्हणतात, ते त्याच्या किचे भाषेतल्या जुन्या नावावरून आलेलं. शाळेत क्रियापदं शिकले, पण वाचायला खरं शिकवलं रस्त्याने. दातांच्या डॉक्टरच्या दारावर गुलाबी हिरडीसकट हसणारी दाढ, चांभाराच्या दारावर एकटा काळा बूट, खाटकाकडे स्वतःच्या मांसाकडे प्रेमाने बघणारी गाय. तोर्तियावालीच्या, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या विकणारीच्या, पत्र्यावर 'तीन वेळा तोर्तिया' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे सकाळ, दुपार, संध्याकाळ गरम मिळतील. त्याच्या शेजारी परडी, परडीवर भरतकामाचा रुमाल, आणि रुमालाखालून निघालेल्या वाफेच्या दोन पांढऱ्या वेलांट्या. त्या वेलांट्या बघूनच भूक लागायची. शनिवारी संध्याकाळी काही घरांसमोर लाल दिवा लागे. पहिल्यांदा मला कळेना, मग घरमालकीण बाईंनी सांगितलं की लाल दिवा म्हणजे आज या घरात तामाल आहेत. मक्याचं पीठ पानात गुंडाळून उकडलेलं, आत मांसाचा तुकडा आणि तांबडी ग्रेव्ही. एक अक्षर न लिहिता अख्ख्या गल्लीला कळायचं. पश्चिमेच्या डोंगराळ भागात आजही कितीतरी वयस्क बायकांना स्पॅनिश वाचता येत नाही. त्यांच्या भाषा किचे, माम, काकचिकेल, त्सुतुहिल, म्हणजे तिथल्या मूळच्या माया लोकांच्या. तिथली भिंत आधी चित्राने बोलते आणि मग अक्षराने, याला कारण आहे.

सान हुआनच्या चढावर बोटीच्या प्रवाशांची वाट बघत लाल रिक्षा उभ्या असतात. तिकडे त्यांना तुकतुक म्हणतात आणि त्या बहुतेक बजाजच्या असतात, आपल्याकडच्या वाळूजच्या कारखान्यातल्या. मला त्या दिसल्या की गलबलून येतं. पुढच्या काचेवर संताचं नाव, मागे मुलांची नावं, कडेने कुणी हौसेने काढलेला केत्साल पक्षी, त्याची लांब हिरवी शेपटी चाकाच्या मडगार्डापर्यंत ओघळलेली. गाडी आली दुसऱ्या टोकाच्या गावातून, पण तिच्यावर कुंचला फिरल्याशिवाय ती इथली होत नाही. एका रिक्षावाल्याने मला अभिमानाने सांगितलं, पक्षी आधी काढून घेतला, ताडपत्री नंतर बदलली.

राजधानीकडून तळ्याकडे येणाऱ्या हमरस्त्यावर याच्या उलट अनुभव येतो. तिथे घरामागून घर एकाच निळ्या रंगात न्हालेलं दिसतं, पुढच्या वळणावर एकाच लाल रंगात. निळा टिगोचा, लाल क्लारोचा. दोन्ही मोबाइल कंपन्या. मधेमधे शीतपेयांचे रंग, बिअरचा कोंबडा, सिमेंट. निवडणुकीच्या काळात तर रस्त्याकडेचे दगड आणि झाडांचे बुंधेसुद्धा पक्षांच्या रंगांनी रंगवण्याची तिथे जुनी रीत होती. त्याही भिंती हातानेच रंगवलेल्या असतात, हे विसरून चालणार नाही. कुणीतरी पेंटर शिडीवर चढतो, दोरी ताणून रेघ मारतो, अक्षराची गोलाई एका दमात ओढतो. त्याचं कौशल्य त्या निळ्या भिंतीतही असतं. पण त्या घरात कोण राहतं, दुकानात काय चांगलं मिळतं, बाई कुठल्या गावची, तिच्या आईने काय विकलं, यातलं काही त्या भिंतीवर नसतं. रंग फुकट मिळाला, पावसापासून भिंत वाचली, एवढा तिचा फायदा, आणि गरिबाच्या घराला तो फायदा छोटा नसतो हे मी जाणते. तरीही त्या रस्त्याने जाताना मला वाटत राहतं की भिंतीचं तोंड आहे पण आवाज दुसऱ्याचा आहे. सान हुआनची भिंत स्वतःच्या आवाजात माल विकते. दोन्ही जाहिरातीच. फरक बोलणाऱ्यात आहे.

हा विचार डोक्यात घोळत असताना मला कालाकमुल आठवलं. मेक्सिकोच्या काम्पेचे राज्यातलं जंगलातलं हे प्राचीन माया शहर. तिथल्या एका छोट्या पिरॅमिडच्या बाहेरच्या टप्प्यांवर 2004 मध्ये उत्खननात चित्रं सापडली. पुढच्या पिढ्यांनी त्या पिरॅमिडवर नवं बांधकाम चढवलं, म्हणून ती आत सुखरूप राहिली. इसवी सनाच्या सातव्या शतकातली. माया भित्तिचित्रं म्हटलं की बोनामपाक समोर येतं: आठव्या शतकाअखेरच्या तीन खोल्या, राजा, कर्णे वाजवणारे, लढाई, बोटांतून रक्त ठिबकणारे कैदी. 1946 मध्ये जगाला ती दिसली आणि माया म्हणजे शांत, तारे मोजणारे लोक हा गोड समज मोडला. त्याहून जुनी, ख्रिस्तपूर्व 100 च्या आसपासची सान बार्तोलोची चित्रं 2001 मध्ये ग्वातेमालाच्या पेतेनमधल्या, चोरांनी खणलेल्या बोगद्यात गवसली. तिथे मक्याचा देव आहे आणि डोंगराच्या गुहेतून त्याच्यासाठी तामालची टोपली पुढे करणारी एक स्त्री. दोन हजार वर्षांपूर्वीचे तामाल! मी ते चित्र पहिल्यांदा छापलेलं बघितलं तेव्हा मला शेलाच्या गल्लीतला लाल दिवा आठवला होता.

कालाकमुलच्या भिंतीवर मात्र राजा नाही, देव नाही. बाजार आहे. रुंद टोप्या घातलेली माणसं बसलीत, कुणी मडकी पुढे मांडलीत, कुणी वाडग्यातून काहीतरी पितंय, कुणी पानात गुंडाळलेलं काही देतंय. एक बाई निळं, झिरझिरीत, चित्राक्षरांची नक्षी असलेलं वस्त्र नेसली आहे, आतलं अंग दिसेल इतकं तलम. ती दुसऱ्या एका साध्या कपड्यातल्या बाईच्या डोक्यावरचं भलंमोठं भांडं सांभाळते आहे. आणि माणसांशेजारी माया लिपीत लिहिलंय. मिठाचा माणूस. मक्याचा माणूस. तंबाखूचा माणूस. आतोलेची, म्हणजे मक्याच्या पातळ पेजेची, व्यक्ती. एवढंच. राजाची जन्मतिथी नाही, विजयाची तारीख नाही. कोण काय घेऊन बसलंय तेवढं.

ही जाहिरात होती असं मी म्हणणार नाही. ती भिंत कुणी रंगवून घेतली, कुणासाठी, याची उत्तरं अभ्यासक शोधताहेत. पण त्या पिरॅमिडच्या भोवती बाजार भरत असावा असं त्यांना वाटतं, आणि चित्रं बाहेरच्या अंगाला आहेत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी. तेव्हा एखादी बाई पेज प्यायला तिथे आली असेल तर तिने भिंतीवर पेज पाजणारी बघितली असेल, आणि शेजारचं अक्षर वाचता नाही आलं तरी वाडगं वाचलं असेल. तेराशे वर्षांनंतर आपल्याला त्या माणसांबद्दल जे कळतं, ते चित्र आणि त्याच्या शेजारचे ते दोन शब्द, दोन्ही मिळून. शब्द खरवडून टाकले असते तर मीठ विकणारा फक्त एक टोपीवाला माणूस राहिला असता. त्या झिरझिरीत वस्त्राचा निळाही पाहण्यासारखा आहे. नीळ आणि पालिगोर्स्काइट नावाची एक प्रकारची पांढरी माती एकत्र तापवून माया लोक तो रंग करत. ऊन, दमट हवा, अगदी आम्लसुद्धा त्याचं फारसं काही बिघडवत नाही. झाडाचा रंग मातीत कोंडून त्यांनी जवळजवळ अमर केला.

सान हुआनमधला रंग असा टिकत नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या गल्लीत एका भिंतीचं काम चाललेलं बघायला मिळालं. भिंतीला पांढरा हात मारून झाला होता, त्यावर पेन्सिलीने चौकटी आखलेल्या. रंगवत होती एक पंचविशीची मुलगी, सोबत एक लहान भाऊ, त्याच्याकडे दह्याचे रिकामे डबे धुऊन त्यात रंग कालवायचं काम. विषय तोच, विणकरीण, पण या वेळी नक्षी अंगावरच्या उइपिलची, जवळून. उइपिल म्हणजे तिथल्या बायकांचा विणलेला झगा, वरचा. त्याच्या पट्ट्यांवरून, पक्ष्यांवरून, गळ्याच्या भरतकामावरून बाई कुठल्या गावची ते ओळखू येतं. मुलीने एक पट्टा पुरा करून ब्रश पुसला, तेवढ्यात समोरच्या घरातून तिची मावशी म्हणावी अशा वयाची बाई आली. हातावर घडी घातलेला खरा उइपिल. तिने तो भिंतीला लावला, त्सुतुहिलमध्ये काहीतरी म्हणाली आणि बोटाने रांगा मोजायला लागली. मुलीनेही मोजल्या. भिंतीवर एक रांग जास्त भरली होती. क्षणभर दोघी गप्प. मग मुलीने पांढऱ्याचा डबा उचलला आणि तासाभराचं काम पुसून टाकलं. मी नकळत 'अरेरे' म्हणाले असेन, कारण बाई माझ्याकडे वळून स्पॅनिशमध्ये म्हणाली, "एक रांग जास्त असली तर ही आमची बाई नाही राहत, भलत्याच गावची होते."

मी बराच वेळ तिथे बसून होते. त्या मुलीचा ब्रश कापडातल्या धाग्यासारखा चालत नव्हता, चालणारही नाही. माग उभ्या-आडव्या ओळींनी विचार करतो, ब्रश मोकळा वळतो. म्हणून तिने चौकटी आखल्या होत्या, एक चौकट म्हणजे एक टाका. भाऊ रंग कालवून देताना डब्याच्या झाकणावर थेंब टाकून बहिणीला दाखवायचा, ती उइपिलशेजारी धरून बघायची, 'अजून' म्हणायची. कापडातला तो निळसर करडा साकातिंता नावाच्या झुडपाच्या पानांतून येतो, केशरी शेंद्रीच्या बियांतून, आणि रंग पक्का बसावा म्हणून सूत केळीच्या खोडाच्या पाण्यातून काढतात. डब्यातला अॅक्रिलिक तिथपर्यंत पोचवायला दोघांची चांगलीच दमछाक झाली. भिंतीच्या खालच्या पट्टीत संस्थेच्या नावासाठी जागा आखून ठेवली होती, चित्राइतक्याच काळजीने, दोरीने. अक्षरं ती स्वतःच काढणार होती. पाऊस आधी खालूनच खातो, ती म्हणाली, म्हणून तिथे दोन हात जास्त द्यायचे, नंबर गेला तर चित्राचा उपयोग काय.

हे सगळं मला मनापासून आवडलं, आणि तरी त्या गावात मला एक बोच लागून राहिली. सान हुआन गेल्या काही वर्षांत भिंतींमुळेच नावारूपाला आलं. छत्र्या टांगलेली गल्ली, रंगवलेले रस्ते, प्रत्येक वळणावर फोटोची सोय. भिंतीवर सुईणी आहेत, मध गोळा करणारे, कॉफी तोडणारे, जुन्या पंचांगातली चिन्हं. सगळे स्वच्छ, सगळे हसरे. त्याच तळ्याच्या काठावर, एका डोंगराच्या वळशापलीकडे सांतियागो अतित्लान आहे. 2 डिसेंबर 1990 च्या पहाटे तिथल्या नि:शस्त्र त्सुतुहिल गर्दीवर सैन्याने गोळीबार केला, तेरा माणसं मेली, त्यांत मुलं होती. मग गावाने एकजुटीने सैन्याला गावाबाहेर काढलं. त्या देशातलं यादवी युद्ध 1960 ते 1996 चाललं, दोन लाखांच्या आसपास माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि सत्यशोधन आयोगाने ओळख पटवलेल्या बळींत दर शंभरात त्र्याऐंशी माया होते. बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्याला हे भिंतीवर भेटत नाही. विणकाम विकलं जातं, ते विकलं जात नाही. पोटासाठी भिंत बोलते तेव्हा ती गिऱ्हाइकाला आवडेल तेवढंच बोलते, यात त्या बायकांचा दोष नाही. पण भिंत निम्मी गप्प राहते, हेही खरं.

तळ्याच्या दुसऱ्या अंगाला सांता कातारिना पालोपो हे काकचिकेल गाव आहे. तिथे 2017 च्या सुमारास घरंच्या घरं रंगवायचा प्रकल्प सुरू झाला. गावच्या उइपिलची नक्षी मोठी करून घरांच्या भिंतींवर चढवायची, ठरावीक रंगांतून आणि आकारांतून घरातल्यांनी आपल्याला हवं ते निवडायचं. उतारावरून खाली बघितलं की हिरवे, निळे, जांभळे चौकोन तळ्यापर्यंत उतरत जातात. मला ते दृश्य आवडलं. बायकांच्या अंगावरचा झगझगीत मोरपंखी निळाही आवडला, आणि गंमत म्हणजे तो काही अनादि नाही, इथले जुने उइपिल लाल पट्ट्यांचे होते, निळा गेल्या काही दशकांतला. परंपरा म्हणजे गोठलेली गोष्ट नव्हे हे तिथल्या विणकरणी आपल्या हाताने दाखवतात. पण घर रंगवायला पैसे बाहेरून आले, कल्पना बाहेरच्यांसोबत आकाराला आली, पाहुणे यावेत हा उघड हेतू. एका घराच्या ओट्यावर बसलेल्या आजींना मी विचारलं, नक्षी कुणी निवडली? त्यांनी सुनेकडे बोट केलं. सून म्हणाली, मांजर मुलाने निवडलं, रंग मी, सासूबाईंना पूर्वीचा चुन्याचा पांढराच बरा वाटत होता. तिघांचं घर एका भिंतीत होतं. मला ते उत्तर पुरेसं वाटलं आणि पुरेसं नाहीही वाटलं, अजून तसंच वाटतं.

नक्षी कुणाची, हा प्रश्न तिथल्या बायकांनी केव्हाच न्यायालयापर्यंत नेलाय. 2016 मध्ये माया विणकर स्त्रियांची चळवळ ग्वातेमालाच्या घटना न्यायालयात गेली. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्या उइपिलची नक्षी यंत्रावर छापून पिशव्या, बूट, कपडे विकले जातात, ती नक्षी समाजाची सामाईक मालमत्ता आहे, कायद्याने ती तशी माना. त्यांचं एक वाक्य मोर्च्यांत, फलकांवर सतत दिसतं: वसाहतवाल्यांना जी पुस्तकं जाळता आली नाहीत ती ही वस्त्रं. ते वाक्य अलंकार म्हणून लिहिलेलं नाही. 1562 मध्ये मेक्सिकोच्या युकातानमधल्या मानी गावात पाद्री दिएगो दे लांदाने माया ग्रंथांची होळी केली. आज जुन्या माया पोथ्या जगात फक्त चार उरल्यात. ज्या समाजाची ग्रंथालयं अशी गेली, त्याने लिहिण्यासाठी कापड वापरलं, भिंत वापरली, यात आश्चर्य कसलं? मेक्सिकोतल्याच चियापासच्या तानिपेर्ला गावात त्सेल्ताल माया लोकांनी 1998 च्या एप्रिलमध्ये आपल्या पंचायतीच्या भिंतीवर आपल्या खोऱ्याच्या जगण्याचं चित्र रंगवलं, तर उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी सैन्य आणि पोलिसांनी ते नष्ट केलं. एका चित्रासाठी एवढा फौजफाटा. ते चित्र मग जगातल्या कितीतरी शहरांत लोकांनी पुन्हा रंगवलं.

शेवटी मी कोमालापाला गेले. त्या गावाकडे बोटी जात नाहीत, फारसे पाहुणेही जात नाहीत. चिमाल्तेनांगोहून खचाखच भरलेल्या बसने वळणं घेत जावं लागतं. काकचिकेल लोकांचं हे गाव चित्रकारांचं. इथे आंद्रेस कुरुचिच (1891–1969) नावाच्या शेतकऱ्याने गावातली लग्नं, मिरवणुका, बाजार रंगवायला सुरुवात केली आणि त्याच्यामागून गावात घरोघरी चित्रकार झाले. त्याच्या चित्रांत एक गोष्ट मला फार भावते. चित्राच्या खालच्या अंगाला तो रंगानेच ओळ लिही, हे काय चाललंय, कुठल्या गावचं आहे. त्याची नात रोसा एलेना कुरुचिच (1958–2005) हिनेही तेच केलं. बाईने चित्रं काढावीत हे गावाला पटत नव्हतं, त्यात युद्धाचे दिवस. तिने तळहातात मावतील एवढी चित्रं काढली, लपवता यावीत, नेता यावीत म्हणून, असं सांगतात. त्या इवल्या चौकोनांतही माणसांखाली अक्षरं आहेत, कोण आहे, काय करते आहे. 2024 मध्ये तिची चित्रं व्हेनिसच्या प्रदर्शनात लागली. ती बघायला नव्हती.

गावात शिरताना कब्रस्तानाच्या लांब भिंतीवर 2002 च्या सुमारास तरुण चित्रकारांनी गावाचा सगळा इतिहास रंगवला. मक्यापासून घडलेली पहिली माणसं, स्पॅनिश घोडे, 4 फेब्रुवारी 1976 चा भूकंप आणि त्यात कोसळलेली मातीची घरं, मग हिरव्या कपड्यातले सैनिक, जळणारी शेतं, फोटो छातीशी धरलेल्या बायका. सान हुआनमध्ये जे गप्प होतं ते इथे बोलतं. गावाबाहेरच्या जुन्या लष्करी छावणीच्या जमिनीतून न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञांनी 220 माणसांचे अवशेष काढले. कोनाव्हिगुआ या विधवांच्या संघटनेने ती जमीन मिळवली आणि 2018 मध्ये तिथे स्मारक झालं. तिथेही भिंती रंगवल्यात, आणि चित्रांबरोबर बेपत्ता माणसांची नावं आहेत. रांगांमागून रांगा नावं. मी काही नावं मोठ्याने वाचली. कुणी सांगितलं नव्हतं, पण न वाचता पुढे जाता येईना.

परत येताना बाजाराच्या गल्लीत भूक लागली म्हणून एका बेकरीत शिरले. तिच्या बाहेरच्या भिंतीवर भट्टी, भट्टीपुढे परात घेतलेली बाई, तिच्या उइपिलचा लाल पट्टा, मागे ज्वालामुखी, वर 'ताजा पाव' आणि एकाला किती, दहाला किती ते भाव. आकाशाचा रंग कब्रस्तानाच्या भिंतीवरच्या आकाशाशी इतका जुळत होता की मी दुकानदार बाईला विचारलं. त्या म्हणाल्या, हो, त्यातल्याच एकाने रंगवलंय, नातेवाईकच आहे, पैसे कमी घेतले. परातवाली कोण? त्यांची आई, जिने ही भट्टी घातली. भूकंपानंतर पत्र्याखाली पहिला पाव तिने भाजला होता. आता रंग उडालाय, पदराचं टोक गेलंय, या उन्हाळ्यात पुन्हा रंगवून घ्यायचं आहे, पण तो आता जास्त मागतो. "मी म्हटलं, जास्त देते, पण आईशेजारी माझी नातपण काढ," त्या कागदात पाव गुंडाळत म्हणाल्या. "आणि भाव बदल. हे भाव खूप जुने झालेत, लोक भिंत दाखवून भांडतात."